रोज नवी अ‍ॅक्टिव्हिटी? नको गं बाई

प्रश्न: ताई, मी कोपरखैरण्यातल्या एका खासगी मराठी शाळेत दुसरीला शिकवते. नोकरीचं हे दुसरंच वर्ष. वर्गात ४६ मुलं आहेत. आमच्या मोठ्या बाईंनी जुलै हा 'कृती महिना' म्हणून जाहीर केलाय आणि २६ चौकोनांचा एक तक्ता हातात दिलाय, रोज एक नवी कृती आणि रोज त्याचे फोटो ग्रुपवर. गेल्या वर्षी असंच केलं तेव्हा अर्धा पगार कार्डशीट, ग्लिटर आणि गमात गेला, शेजारच्या वर्गाच्या बाई आवाजामुळे रोज दार वाजवायच्या आणि महिनाअखेर पालक म्हणाले की वह्या कोऱ्या का? एक मुलगा तर कातरकाम आलं की कागद फाडूनच टाकतो. मला पटकन करता येतील अशा २६ सोप्या कृतींची यादी द्याल का? तक्त्याचा फोटो पाठवतेय. आणि भिंतीवरचे तक्ते लॅमिनेट करून घेऊ का? – तुमची एक वाचक, नवी मुंबई

उत्तर:

अगं, यादी देणार नाही. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

तुझा तक्ता नीट बघितला. पाचव्या चौकोनात कापसाचा स्नोमॅन आहे. जुलैत, कोपरखैरण्यात, जिथे मुलांचे सॉक्स चार दिवस वाळत नाहीत तिथे स्नोमॅन. आणि सतराव्या चौकोनात 'खाडीवर फ्लेमिंगो निरीक्षण'. कल्पना सुंदर आहे, ऐरोलीला शेजारीच ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, मुलांना न्यायलाच पाहिजे, पण ते पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे असतात गं, पावसात जाऊन मुलं बघणार काय, चिखल? म्हणजे तक्ता कुठूनतरी उचललाय आणि महिना न बघता चिकटवलाय हे उघड आहे. यात मोठ्या बाईंचाही फार दोष नाही, त्यांनाही वरून कोणीतरी विचारतंच असणार.

मी ठाण्यात नौपाड्यातल्या शाळेत पहिली-दुसरी शिकवून रिटायर झाले, तेव्हा अनुभवावरून सांगते. दुसरीतल्या मुलाला कुठलीही कृती पहिल्यांदा दिलीस ना, की त्याचा सगळा वेळ ती कृती कशी करायची यातच जातो. गम कुठे लावायचा, माझी कात्री कोणी घेतली, बाई याने मला ढकललं. गणित-बिणित डोक्यात शिरतच नाही. दुसऱ्यांदा तीच दिलीस की हात सरावतात, आणि तिसऱ्या-चौथ्यांदा कुठे डोकं मोकळं होतं आणि मूल विचारतं की बाई, असं का होतं? रोज नवी कृती म्हणजे महिनाभर पहिलाच दिवस. दमशील नाहीतर काय होईल.

दुसरं कारण त्याहून मोठं. तुझ्याकडे ४६ मुलं आहेत. (शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय, त्यावर आपण दोघी वेगळं बोलू, इथे नको.) ४६ मुलांबरोबर तू एका वेळी नीट बसूच शकत नाहीस, फार फार तर अकरा-बारा जणांबरोबर बसशील. मग उरलेल्या पस्तीस जणांनी काय करायचं? त्यांनी असं काहीतरी करायला हवं जे त्यांना आधीच येतं, ज्यासाठी तुला हाक मारावी लागत नाही. आणि ते येण्यासाठी तीच तीच कामं महिनाभर चालू राहिली पाहिजेत. शेजारच्या बाईंचं दार वाजवणंही यानेच थांबेल, कारण आवाज मुलांचा नसतो गं, 'आता काय करायचं' न कळण्याचा असतो.

तर चार-पाच कामं घे आणि महिनाभर चालव. मी काय घेतलं असतं ते सांगते, तुला हवा तो बदल कर.

सगळ्यात आधी पाऊस. जुलैत आपल्याकडे दुसरा विषय आहे का? दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घे, ज्या भागाच्या बाजू सरळ आहेत तिथपासून वरचा निमुळता भाग काप (घरीच कापून ने आणि कडांना टेप लाव) आणि तो उलटा करून खालच्या भागात फनेलसारखा बसव. बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो म्हणून तळाशी थोडे खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भर, ती तुझी शून्याची रेघ. तिथून वर कागदी पट्टी लाव आणि पट्टीवर पारदर्शक टेप. वरचं तोंड आणि खालची बाटली एकाच रुंदीची असल्यामुळे पट्टीवर जितके सेंटिमीटर दिसतात तितकाच पाऊस पडला, काही भागाकार-बिगाकार नाही. दुसऱ्याच मोठ्या बाटलीचं फनेल लावलंस तर आकडा चुकेल, ते करू नको. गच्चीवर किंवा मोकळ्यात ठेव, झाडाखाली नाही, पत्र्याच्या पागोळीखाली तर अजिबात नाही, आणि दोन विटांच्या मध्ये ठेव नाहीतर वाऱ्याने पहिल्याच दिवशी वाशीला पोचेल.

रोज ठरलेल्या वेळी एक गट जाऊन वाचून येईल, पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओतून कमी करेल आणि वर्गात येऊन पावसाच्या तक्त्यावर त्या दिवसाचे तितके चौकोन रंगवेल. पाच-सात मिनिटांचं काम. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असाच मोजतात, हे मुलांना सांग, त्यांना आपण काहीतरी मोठं ऑफिसचं काम करतोय असं वाटतं आणि ते खरंही आहे. गंमत सोमवारी येते. बाटलीत शनिवार-रविवारचा मिळून पाऊस असतो, मग तो कुठल्या दिवसाच्या चौकोनांत रंगवायचा? तू उत्तर देऊ नको. भांडू दे त्यांना. कोणी म्हणेल अर्धा-अर्धा, कोणी म्हणेल सगळा सोमवारात, कोणीतरी म्हणेल की बाई रविवारी तर ऊन होतं. अशी चर्चा तुला कुठल्या वर्कशीटमध्ये मिळणार? रेड अलर्टची सुट्टी लागली तर बाटली भरून वाहूनही जाईल, मग 'मोजता आलं नाही' असं लिहायचं, तेही लिहिता आलं पाहिजे.

आणि जुलैत २६ तारीख येते. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे साधारण ९४ सेंटिमीटर. वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर खडूने रेघ मार आणि एकेकाला तिच्यापाशी उभं कर. दुसरीतल्या बहुतेक मुलांच्या छाती-खांद्याच्या आसपास येईल. मग आपल्या बाटलीतला सगळ्यात जास्त पावसाचा आकडा शेजारी मांड. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांग, नाहीतर मुलं घरी जाऊन भलतंच सांगतील: ही रेघ म्हणजे आकाशातून पडलेलं पाणी जागच्या जागी साठलं असतं तर किती झालं असतं ते, रस्त्यावर पाणी किती चढलं ते नाही, ते तर सखल भागात याच्या कितीतरी वर गेलं होतं. तुला स्वतःला हिशोब हवा असेल तर एक मीटर बाय एक मीटर जागेवर ९४४ लिटर, म्हणजे वीस लिटरच्या सत्तेचाळीस बादल्या. मग मुलांना सांग की आई-बाबा, आजी-आजोबा त्या दिवशी कुठे होते ते विचारून या. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कामगारांची किती घरं आहेत, कोणाचे आजोबा मार्केटमध्ये अडकले असतील, कोणाची आजी तेव्हा सातारला गावी असेल, गावठाणातल्या आगरी-कोळी घरातल्यांची वेगळीच आठवण असेल. माझ्या मते त्या तक्त्यातले दहा चौकोन या एका दिवसावरून ओवाळून टाकावेत.

या गोष्टी वर्गाच्या बातम्यांत येतील, म्हणून आता बातम्यांचं सांगते. रोज सकाळी दोन मुलं एकेक बातमी सांगणार, 'आमच्या मांजरीला पिल्लं झाली' इतकीही चालेल. तू ती फळ्यावर त्याच्याच शब्दात लिही, पुस्तकी करू नको, मूल ज्या बोलीत बोललं तशीच. सगळ्यांनी मिळून वाचायची आणि वहीत तारीख घालून उतरवायची. रोज दोघं म्हणजे २६ दिवसांत ४६ जणांची पाळी येऊन वर सहा जागा उरतात, त्या गैरहजर राहिलेल्यांना, कारण जुलैत निम्मा वर्ग तापाने घरी असतो. जे मूल पुस्तकातला धडा वाचताना अडखळतं ते स्वतःची बातमी फळ्यावर दिसली की बोट फिरवत वाचतं. आणि वह्या कोऱ्या राहत नाहीत, बघ, पालकांचं निम्मं उत्तर इथेच झालं.

गणितासाठी काड्या. खराट्याच्या सारख्या लांबीच्या काड्या किंवा आइस्क्रीमच्या, ज्या फुकट मिळतील त्या. शाळेचा प्रत्येक दिवस म्हणजे एक काडी, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. आपली शाळा जूनच्या मध्याला सुरू होते म्हणजे जुलै संपता संपता चाळिशीच्या आसपास पोचशील. हे मुद्दाम सांगतेय कारण दुसरीतली मुलं 'त्रेचाळीस' ऐकून ३४ लिहितात, हे तू रोज बघत असशील. बोलताना आधी तीन, मग चाळीस, आणि लिहिताना उलटं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विनोद झाले, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. मला विचारशील तर दोन्ही म्हणू दे की मुलांना, काय बिघडतं? हातात चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या असल्या की मूल चुकीचं लिहितच नाही फारसं. आणि एकोणचाळीस तर काड्यांशिवाय शिकवूच नये. ऐकू येतं चाळीस, लिहायचे तीन आणि नऊ, मुलाने करायचं काय? काड्यांचा एकोणचाळिसावा दिवस आला की दिसतं समोर, चौथा गठ्ठा बांधायला एकच काडी कमी आहे. त्या दिवशी जरा थांब, घाईने पुढे जाऊ नको.

चौथं, बिया. पण कापूस वापरू नको. पावसाळी हवेत ओल्या कापसावर चौथ्या दिवशी बुरशी येते आणि मुलं फक्त बुरशी बघतात. जुन्या सुती कापडाचे तुकडे घे, जास्तीचं पाणी रोज काढून टाक. मूग रात्रभर भिजवून दोन वाट्यांत ठेव, एक खिडकीत आणि एक बंद कपाटात. ठेवायच्या आधी मत घे, कुठले मूग उगवतील? हात मोजून आकडे फळ्यावर. जवळजवळ सगळा वर्ग म्हणणार की अंधारातले उगवणार नाहीत. चार-पाच दिवसांनी कपाट उघडलंस की अंधारातले मूग खिडकीतल्यांपेक्षा उंच, फक्त पिवळट आणि लुकडे. मग विचार येतात, 'ती आजारी आहेत का', 'ती घाबरून पळत होती का'. सांग त्यांना की उगवायला लागणारं खाणं बीच्या पोटातच असतं म्हणून अंधारातही उगवतं, उजेड शोधत ताणत जातं, आणि हिरवा रंग मात्र उजेडाशिवाय तयार होत नाही. नंतर कपाटातली वाटी खिडकीत ठेवून बघा काय होतं. तेही मी सांगणार नाही. रोज एक छोटं चित्र, तारीख आणि पट्टीने मोजलेली उंची, बस. हे मूग खायचे नाहीत हे मात्र पहिल्याच दिवशी सांग, कोणीतरी तोंडात टाकतंच.

आता हे ४६ जणांत बसवायचं कसं. चार गट कर, नावं त्यांनाच ठेवू दे (माझ्याकडे एका वर्षी 'वडापाव गट' होता आणि सगळ्यांना त्यातच जायचं होतं). एक गट काड्यांशी, एक बियांच्या चित्राशी, एक वाचनाच्या कोपऱ्यात, एक तुझ्याजवळ. वीस मिनिटांनी बदल, दिवसात दोनच फेऱ्या, म्हणजे दोन दिवसांत चक्र पूर्ण आणि प्रत्येक मूल आठवड्यातून दोनदा तरी तुझ्या शेजारी बसतं. पहिला आठवडा यातच जाईल, गट कसा बदलायचा, काड्या परत कुठे ठेवायच्या, बाईंना कधी हाक मारायची नाही. तो आठवडा वाया गेला असं वाटेल, वाटू दे. दुसऱ्या आठवड्यात काड्यांत वजाबाकी घाल, तिसऱ्यात दुकान-दुकान मांड, एनएमएमटी बसची जुनी तिकिटं आणि बिस्किटाची रॅपर्स घेऊन. काम तेच, आतली गोष्ट थोडी पुढे सरकवायची.

पैसे मात्र स्वतःचे घालू नको, हे मी जरा जोरातच म्हणतेय. पूर्वीच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आता ते पालघरमध्ये गेलं, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाड्या चालवल्या त्या शिंपले, बिया, पानं, खडे अशा आजूबाजूच्या वस्तूंवर. ग्लिटर नव्हतं तिथे. पालकांना एक चिठ्ठी पाठव, एक बाटली, मूठभर मूग, जुनं सुती कापड. कोणी नाही म्हणत नाही.

मोठ्या बाईंशी भांडायला जाऊ नको. तक्ता भरून दे त्यांना, २६ चे २६ चौकोन. 'पाऊस मोजणे, दिवस ४', 'काड्या: वजाबाकी सुरू' असं लिहून. चौकोन भरलेला दिसला की निम्मं काम होतं, शाळा अशाच चालतात. वर सांग की केंद्राच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या कार्यक्रमाच्या यादीत दुसरीसाठी ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि ९९ पर्यंतची वजाबाकी आहे आणि तुझ्या काड्या तिथेच जाताहेत, स्नोमॅन जात नाही (स्नोमॅनचं मनातच म्हण). फोटो शुक्रवारी एकदाच, आणि मुलांच्या चेहऱ्यांचे नको, हातांचे आणि तक्त्याचे. ग्रुपवरचे फोटो कुठे कुठे फिरतात आपल्याला माहीत नसतं.

पालकांसाठी एक साधी गोष्ट कर. महिन्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून एक पान घे, त्यात दहा संख्या तू बोलून लिहायच्या आणि दोन ओळी स्वतःच्या मनाने. शेवटच्या दिवशी अगदी तेच पान परत. दोन्ही पानं एकत्र स्टेपल करून शनिवारी पालकांच्या हातात दे, आणि गप्प बस. कोणी गृहपाठाचं काढलं तर सांग की केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणातच दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालू नको, तिथे जिंकूनही हरतो माणूस.

कागद फाडणाऱ्या मुलाचं. तो कुठल्या हाताने लिहितो ते बघितलंस का? डावखुऱ्या मुलाला नेहमीची कात्री नीट चालतच नाही, पातं रेघेच्या वर येऊन रेघच झाकली जाते आणि हाताच्या दाबाने पाती जवळ यायच्याऐवजी लांब जातात, कागद कापला न जाता चेंगरतो. मग पोरगं चिडून फाडणार नाहीतर काय करेल. डावखुऱ्यांची कात्री स्टेशनरीवाल्याला सांगितलं तर मागवून देतो. तो डावखुरा नसेल तर तो नेमका कधी फाडतो ते आठवडाभर टिपून मला लिही, सुरुवातीला की 'वेळ संपली' म्हटल्यावर, त्यावरून बरंच कळतं.

आषाढी जुलैत आली तर दिंडी काढा, पण शाळेच्या पटांगणातच, आणि घरातला झब्बा-परकर चालेल असं आधी कळव, नाहीतर पालक भाड्याच्या पोशाखांच्या मागे धावतात.

आणि शेवटी लॅमिनेशनचं विचारलंयस ते. नको करू. जुलैत भिंतींना ओल असते, सेलोटेप संध्याकाळपर्यंत सुटते आणि सकाळी सगळे तक्ते जमिनीवर. खिडकीच्या गजापासून दाराच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांध आणि कपड्यांच्या चिमट्यांनी लटकव, मुलांचा हात पोचेल इतक्या खाली, म्हणजे पावसाचे चौकोन त्यांचे त्यांना रंगवता येतील.